धाकटी दिसते, थोरली कुठे?

४ मार्च

आज सकाळच्या बैठकीत मोठेसाहेबांनी जाहीर केलं की विश्वातली पहिली निर्मळ दीर्घिका आपल्याला सापडली आहे. निर्मळ हा त्यांचा शब्द. म्हणजे जिच्यात हायड्रोजन आणि हेलियम सोडून काही नाही, ऑक्सिजनचा कणसुद्धा नाही. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो आणि तारा मेला की बाहेर पडतो. तो जिथे नाही, तिथे अजून कुणी मेलेलंच नाही, म्हणून तिथले तारे पहिल्या पिढीचे. असे तारे आमच्या धंद्यातली माणसं जन्मभर शोधतात आणि न सापडताच निवृत्त होतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण माझं लक्ष पडद्यावर होतं.

पडद्यावर त्या दीर्घिकेचा वर्णपट होता. आलेला प्रकाश फाकवून कोणत्या रंगाचा किती आला ते मोजलं की आलेख मिळतो, आणि त्यात प्रत्येक मूलद्रव्याची जागा ठरलेली असते. तिथे शिखर उठलं की ते द्रव्य आहे. हायड्रोजनचं शिखर होतं. ऑक्सिजनच्या दोन रेषा जोडीने येतात, त्यांना मी थोरली आणि धाकटी म्हणते. थोरली नेहमी धाकटीच्या तिप्पट. ही वाटणी अणूने स्वतः केलेली आहे, त्यात कुणाचा वशिला चालत नाही. तर थोरलीच्या जागी आज सपाट होतं. सपाट कसलं, किंचित खालीच. आणि धाकटीच्या जागी एक उंचवटा होता.

लहानसा, पण होता. मी विचारलं, हे काय? मोठेसाहेब म्हणाले, नॉइज आहे, नुसती यंत्राची खरखर, आणि पुढच्या चित्राकडे गेले. मी म्हटलं, मागे या. ते काही मागे आले नाहीत.

मोठेसाहेब म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या प्रयोगाचे आकडे उतरवून घ्यायचे. म्हणून तोंडावर मी त्यांना अरे-तुरे करते आणि इथे साहेब म्हणते. ते आणि बाकीचे मला वजाबाई म्हणतात. दुर्बिणीत दीर्घिकेबरोबर आभाळाचाही उजेड येतो, तो वजा करावा लागतो, आणि ती वजाबाकी नीट झाली का हे विचारायची मला खोड आहे. खोड जित्याची आहे, जाईल तेव्हा जाईल.

हा वर्णपट काढला खारूताईने. माझी विद्यार्थिनी, आता सहकारी. काहीही टाकून देत नाही म्हणून हे नाव. तिच्या खणात झिजलेल्या पेन्सिलींची टोकंसुद्धा असतात. मला हे आवडतं. तेरा अब्ज वर्षं चालून आलेला प्रकाश आहे, त्यातला एकही किरण वाया घालवायचा नाही, हे मी तिला अगदी सुरुवातीला शिकवलं आणि तिने ते मनावर घेतलं. या शोधाच्या लेखावर तिचं नाव पहिलं आहे, आणि या लेखाच्या जोरावर तिची कायमची नेमणूक व्हायची आहे. टाळ्या चालू होत्या तेव्हा ती खाली बघत होती. पहिल्यापासून लाजाळूच आहे.

६ मार्च

साहेबांच्या खोलीत गेले आणि भांडून आले.

मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. आमच्या गटात प्रत्येकाने सही दिल्याशिवाय लेख बाहेर जात नाही. हा नियम साहेबांनीच केलेला, तेव्हा त्यांना तो शोभून दिसला होता. आता तोच घशात अडकला. अठ्ठावीस तारखेला पत्रकार बोलावले आहेत, त्याआधी लेख जायला हवा, आणि ही बाई मुंगीएवढ्या उंचवट्यासाठी सगळ्यांची गाडी अडवून बसली आहे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मुंगी असेल, पण ती ऑक्सिजनच्या जागी बसली आहे. ते म्हणाले, नॉइज वरही जातो आणि खालीही जातो, शून्याच्या खाली जाणं हा काही गुन्हा नाही. हे खरं आहे. म्हणून तर जास्त झोंबलं.

मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, की माझ्या नावावर काही चांगलं होऊ लागलं की तुझ्याच पोटात का दुखतं. मी दार आपटून आले. दार आपोआप हळू मिटणारं आहे, त्यामुळे तेही नीट आपटता आलं नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. पोटात दुखतं का? दुखतं, थोडं. पण माझ्या पोटदुखीने आलेखावर उंचवटा येत नाही.

९ मार्च, रविवार

अण्णांना डॉक्टरांनी दिवसभर ऑक्सिजनची नळी लावायला सांगितली आहे. ते जेवताना काढतात, फोनवर बोलताना काढतात आणि माझ्याशी वाद घालताना तर हमखास काढतात. यंत्र कोपऱ्यात घुमत असतं आणि वडील माझे टेबलाशी धापा टाकत मला शहाणपण शिकवत असतात. आज काय घोडं अडलंय ते त्यांना सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "आम्हाला इथला पुरेना, आणि तू तिथला शोधत बसलीस."

मी हसले. तेही हसले आणि खोकले. मी नळी नाकाला लावली, त्यांनी मुकाट्याने लावून घेतली.

संध्याकाळी खारूताई संत्री घेऊन आली, अण्णांना बघायला. अण्णांशी छान गप्पा मारल्या. निघताना चपला घालता घालता विचारलं, मॅडम, तुम्ही कच्चे फोटो पुन्हा बघणार आहात का, अगदी सगळे? मी म्हटलं, बघणारच. ती म्हणाली, बघा. आणि जिन्यात बराच वेळ थांबून मग खाली गेली. साहेबांनी हिला दम दिलेला दिसतोय. बिचारी कात्रीत सापडली आहे, एकीकडे मी आणि एकीकडे नेमणूक. तिला म्हणायला हवं होतं की माझ्याकडे बघून तू तुझं काही बिघडवून घेऊ नकोस. जिन्याचा दिवा गेलेला होता, तिचा चेहरा काही दिसला नाही.

१० मार्च

सही केली नाही.

१२ मार्च

प्रसिद्धी विभागाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी चित्र करून घेतलं आहे, निळ्या अंधारात दुधासारखी पांढरी दीर्घिका, डाग नाही, चट्टा नाही. प्रत्यक्षात आमच्याकडे आहेत चार चौकोनी ठिपके. बाईंनी माझ्याकडे एक वाक्य मागितलं, या शोधाबद्दल तुम्हाला काय वाटतं. मी म्हटलं, अजून काही वाटायचं आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. भल्या बाई आहेत, त्यांचा काही दोष नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी गेले की टेबलावरचं बोलणं थांबतं. एकाने मुद्दाम मोठ्याने विचारलं, वजाबाई, आज काय काय वजा केलं? मी म्हटलं, तुला केलं, बाकी शून्य आली. सगळे हसले, तोही हसला. पण माझ्या शेजारची खुर्ची जेवण संपेपर्यंत रिकामीच होती. लागलं मला. कितीही नाकाने कांदे सोलले तरी रिकामी खुर्ची दिसतेच.

१४ मार्च

कच्चे फोटो मागायला साहेबांकडे गेले. मला हवे आहेत वजाबाकीच्या आधीचे, दुर्बिणीतून उतरले तसे. साहेब म्हणाले, मला विचारू नकोस, ज्यांनी काम केलंय त्यांना विचार. टाळाटाळ, दुसरं काय. ताकाला तूर लागू देत नाहीत. इतकी घाई, इतकी टाळाटाळ, म्हणजे वजाबाकीत कुठेतरी यांनीच ढवळाढवळ केली आहे. खारूताईच्या मागे उभं राहून हे ठेव, ते काढ, करायची त्यांना जुनी सवय आहे.

दुपारी खारूताई स्वतः आली आणि माझ्या टेबलावर डिस्क ठेवली. म्हणाली, "सगळे आहेत. एकही काढलेला नाही." एवढंच. साहेबांच्या नाकावर टिच्चून आणून दिली पोरीने. हात थंडगार होते तिचे. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. ती मान हलवून गेली.

१८ मार्च

सापडलं. सापडलं, सापडलं, सापडलं.

नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही. दुर्बिणीच्या आत बारीक झडपांची जाळी असते. एका दीर्घिकेसाठी एकाखाली एक अशा तीन झडपा उघडायच्या. दीर्घिका आधी मधल्या झडपेत धरायची, मग दुर्बीण तसूभर हलवून वरच्या, मग खालच्या. आता मधल्या झडपेच्या फोटोतून, दीर्घिका तिथे नसतानाचे फोटो वजा करायचे. आभाळ सगळ्यांत सारखं, ते निघून जातं. दीर्घिका उरते. इतकी साधी युक्ती आहे. अट एकच, ती उठून गेल्यावर तिच्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसलेलं नसावं.

आमच्या दीर्घिकेच्या वर, बरोबर एका झडपेच्या अंतरावर, एक शेजारीण आहे. आपल्याला बरीच जवळ असलेली दीर्घिका, फोटोत नुसता पुसट डाग. आमची दीर्घिका खालच्या झडपेत गेली की शेजारीण मधल्या झडपेत येते. म्हणजे आभाळ समजून शेजारीणही वजा झाली. दीर्घिका जितकी लांब तितक्या तिच्या रेषा तांबड्याकडे सरकतात, आणि या दोघींचं अंतर नेमकं असं पडलंय की शेजारणीच्या हायड्रोजनची रेषा आमच्या ऑक्सिजनच्या थोरलीवर जाऊन बसते. वजाबाकीत थोरली गेली. धाकटीच्या जागी शेजारणीचं काही नव्हतं, म्हणून ती वाचली.

पण हे सगळं माझ्या डोक्यातलं झालं, त्यावर साहेब म्हणतील नॉइज. म्हणून शेजारणीचा माग काढला. तिचाही ऑक्सिजन असणार, तोही वजा झालेला असणार. तो कुठे दिसायला हवा ते मांडलं आणि आलेखाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, जिथे आमच्या दीर्घिकेचं काहीच नसतं आणि म्हणून कुणी बघत नाही. तिथे दोन खड्डे होते. एक मोठा आणि त्याच्या बाजूला त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा. शेजारणीची थोरली आणि धाकटी, दोघी उलट्या टांगलेल्या.

खालच्या झडपेचा फोटो बाजूला काढून वजाबाकी पुन्हा केली. प्रकाश कमी झाला, आलेख खडबडीत झाला. आणि थोरली उठून उभी राहिली, धाकटीच्या तिप्पट.

मी खुर्चीत बसून रडले. आनंदाने असावं. आपल्या सूर्यात जेवढा ऑक्सिजन आहे त्याचा शंभरावा हिस्सा असेल नसेल, पण आहे. तिथे आधी कुणीतरी जळून गेलं आहे, आणि त्यांना पुसून टाकून आम्ही अठ्ठावीस तारखेला टाळ्या वाजवणार होतो.

१९ मार्च

हा फोटो वजाबाकीत राहिलाच कसा, हा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे. शेजारीण पुसट असली तरी दिसते. ज्याला घाई झालेली आहे तोच तिच्याकडे काणाडोळा करील. एकच नाव समोर येतं.

अण्णांना सांगितलं की परवाच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारणार आहे. अण्णा म्हणाले, आधी खोलीत जाऊन विचार, माणसाला बसायला जागा ठेवावी. मी म्हटलं, माझ्या शेजारची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती, बसू देत तिथे. अण्णांनी नळी काढली, आणि काही न बोलता पुन्हा लावली. मला वाटतं त्यांना दम लागला होता.

२१ मार्च

काय लिहू.

सगळं दाखवलं. शेजारीण दाखवली, उलटे खड्डे दाखवले, थोरली दाखवली. ज्याने मला वजाबाकी विचारली होती त्याने चष्मा काढून पुसला. मग मी साहेबांकडे वळले आणि विचारलं, "हा फोटो कुणी ठेवायला लावला? शेजारीण कुठल्याही नवख्याला दिसली असती."

खारूताई उभी राहिली.

"मी ठेवला. कुणी लावला नाही. शेजारीण मला दिसली होती. एवढ्या पुसट डागाने काय होणार असं वाटलं. तो फोटो काढला असता तर त्याच्याबरोबर किती प्रकाश गेला असता. आणि एकही किरण वाया घालवायचा नाही ना, मॅडम."

ती उलटून बोलत नव्हती, हेच वाईट. पाढा म्हणावा तसं म्हणाली. तिला उंचवट्याचा संशय पहिल्या बैठकीतच आला होता, हेही तिने सांगितलं, पण सांगायला तोंड उघडेना, म्हणून डिस्क आणून दिली. म्हणाली, तुम्ही शोधाल हे मला माहीत होतं.

आणि मी तिला म्हटलं होतं, घाबरू नकोस, मी आहे.

साहेबांनी पाणी मागवलं, मला वाटलं स्वतःसाठी, त्यांनी पेला तिच्यापुढे सरकवला. मग शांतपणे म्हणाले, अठ्ठावीसचा कार्यक्रम रद्द. लेख मागे. बाहेर एवढंच सांगू की माहिती अपुरी निघाली, पुन्हा निरीक्षणं घेऊ. कुणाचं नाव नको, कशाचा उल्लेख नको. सगळ्यात आधी मान मी हलवली. गेले दोन आठवडे ज्या माणसाशी मी उभा दावा मांडला होता, त्याच्याशी मी एका मिनिटात सहमत झाले. का ते मला माहीत आहे. साहेबांना वाचवायला नव्हे.

२२ मार्च

खारूताई आली नाही. फोन उचलत नाही. नेमणुकीची बैठक पुढे ढकलल्याचं कार्यालयातून कळलं, कारण दिलेलं नाही.

जिंकले आहे मी. सगळे आता मला नमस्कार करतात. जेवताना शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं आणि मी जेवण अर्धं टाकून उठले.

२४ मार्च

तिच्या घरी गेले. तिसरा मजला, जिन्यात सायकल, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं रोप. दार लगेच उघडलं. मला वाटलं होतं डोळे सुजलेले असतील. तसं काही नव्हतं. टेबलावर कागद पसरलेले होते आणि केसात पेन्सिल खोचलेली.

मी येतायेताच सगळं ठरवून आले होते. तिला म्हटलं, नवा लेख मी लिहिते. वजाबाकीच्या प्रोग्रामची त्रुटी असं म्हणू. माझं नाव पुढे, तुझं मध्ये कुठेतरी, यादीत तू कुणाच्या डोळ्यावर यायची नाहीस, वर्षभरात लोक विसरतील आणि नेमणूकही होईल. मला वाटलं ती सुटल्यासारखी रडेल.

ती चिडली. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं. आवाज नाही वाढवला, उलट खाली गेला.

"एका उंचवट्यासाठी तुम्ही सगळ्यांशी भांडलात, मॅडम. आणि आता मलाच वजा करताय?"

मी म्हटलं, अगं, तुझ्या भल्यासाठी. ती म्हणाली, साहेबही कुणाचं नाव नको असं भल्यासाठीच म्हणत होते. मग तिने टेबलावरचे कागद माझ्या हातात दिले. नवा लेख होता, पूर्ण. तीन दिवस ती तेच करत होती. ऑक्सिजनचं मोजमाप माझ्यापेक्षा नीट केलेलं, दुसऱ्या झडपांमधल्या दीर्घिकांना शेजारणी आहेत का तेही एकेक तपासलेलं. शेवटी एक परिशिष्ट, त्यात चूक कशी झाली ते चित्रांसकट.

"माझं नाव पहिलं राहील," ती म्हणाली. "चूक माझी आणि ऑक्सिजनही माझा. काढायचं तर दोन्हीतून काढा."

मी नेमणुकीचं विचारलं. ती म्हणाली, "नाही झाली तर नाही झाली. लपून मिळाली तर रोज लपावं लागेल." मग तिने चहा केला. कप दोन वेगवेगळ्या रंगांचे, एकाचा कान तुटलेला. तुटका तिने स्वतःकडे घेतला. जिना उतरताना मला हसू येत होतं. कुणाची विद्यार्थिनी आहे, असं मनात आलं. मग दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिले. तो पाढा तिने बैठकीत म्हटला तेव्हा आवाज तिचा होता, शब्द माझे होते. हे मला इतक्या उशिरा कळावं.

२८ मार्च

पत्रकार रद्द झाले, पण सभागृह आमच्या नावावर होतं. खारूताईने ते सोडू दिलं नाही. साहेबांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा चावी दिली.

लोक बरेच आले. चुकलेल्याला बघायला गर्दी होतेच. तिने पहिलंच चित्र लावलं ते दोन उलट्या खड्ड्यांचं. म्हणाली, ही माझी चूक, आणि पुढच्या अर्ध्या तासात आपण हिच्या मदतीने ऑक्सिजन मोजणार आहोत. मागे कुणीतरी हसलं. तिने हसणं संपू दिलं आणि पुढे गेली. शेवटी मागच्या रांगेतून एकाने विचारलं, एवढी मोठी चूक झाल्यावर तुमच्या बाकीच्या दीर्घिकांवर आम्ही विश्वास का ठेवावा?

"ठेवू नका," ती म्हणाली. "कच्चे फोटो आजपासून सगळ्यांना खुले आहेत. तपासा."

टाळ्या चार तारखेसारख्या नव्हत्या. तुरळक होत्या, आणि थांबायला वेळ लागला. या वेळी ती खाली बघत नव्हती. नेमणुकीचं अजून काही कळलेलं नाही. साहेब माझ्या शेजारी बसले होते. निघताना म्हणाले, तुझ्याच वळणावर गेलीय. मी म्हटलं, तुझं पोट दुखतंय का? ते म्हणाले, थोडं.

१ एप्रिल

लेख सह्यांसाठी फिरतोय. सगळ्यांनी केली. मी केलेली नाही.

साहेबांचा फोन आला. आधी त्यांना वाटलं आज एक एप्रिल आहे म्हणून मी चेष्टा करतेय. मग म्हणाले, आता काय राहिलं, आता तर ऑक्सिजनही आहे. मी म्हटलं, परिशिष्ट वाच. परिशिष्टात तिने लिहिलंय, हा फोटो वजाबाकीत ठेवण्याचा निर्णय पहिल्या लेखिकेचा होता. पूर्णविराम. मला त्या पूर्णविरामाच्या जागी आणखी एक ओळ हवी आहे, की एकही किरण वाया न घालवण्याचा नियम तिला दुसऱ्या लेखिकेने शिकवला होता, आणि कुठे थांबायचं ते शिकवायचं राहून गेलं होतं.

खारूताई धावत माझ्या खोलीत आली. म्हणाली, दया नको मला. मी म्हटलं, दया कसली, मोजमाप आहे. तिने मान्य केलं नाही. आम्ही जोरात भांडलो, कॉरिडॉरमधली माणसं दारात येऊन गेली. ती म्हणाली चूक तिची एकटीची, वाटून घेणार नाही. मी तिला आलेखापुढे उभं केलं.

"धाकटी दिसते आणि थोरली दिसत नाही, अशा कागदावर मी गेल्या महिन्यात सही केली नाही. या महिन्यातही करणार नाही."

ती आलेखाकडे बघत राहिली. मग गेली. घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, मिळाला का ऑक्सिजन? मी म्हटलं, मिळाला, शंभरावा हिस्सा. "सुरुवातीला तेवढा पुरे," अण्णा म्हणाले. नळी नाकालाच होती.

२ एप्रिल

दुपारी लेख पुन्हा आला. परिशिष्टात ओळ होती. माझे शब्द तिने बदलले होते, "राहून गेलं होतं"च्या जागी "आता दोघी शिकत आहेत" असं केलं होतं. मला ते पटलं नाही. सही केली.